किती वॅटचा आवाज?

लग्नसराई जवळ आली की दहावी-बारावी होऊन गेलेली काही मुले एका नव्या धंद्याच्या हिशेबाला लागतात. एक टेम्पो, स्पीकरचे दोन-चार डबे, मिक्सर, लॅपटॉप आणि जनरेटर एवढे सामान जमवायचे. हळद, वरात, वाढदिवस यांच्या सुपाऱ्या घ्यायच्या आणि त्यातून कर्जाचे हप्ते फेडायचे. आपल्या वर्गातल्या अनेक मुलांच्या ओळखीत असा एखादा 'डीजेवाला' असतोच. काही मुले सुट्टीत डबे उचलायलाही जातात. या धंद्यात गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो 'किती वॅटचा आहे?' हाच. सामान विकणारा दुकानदारही तोच आकडा पुढे करतो.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न अपुरा आहे. ६० वॅटचा जुना तारेचा दिवा आणि ९ वॅटचा एलईडी दिवा जवळजवळ सारखाच उजेड देतात, हे आता मुलांनाही माहीत असते. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज. पडलेला उजेड नव्हे. आवाजाचेही तसेच आहे. पण इथे चूक झाली तर ती नुसती विजेच्या बिलात दिसत नाही. कर्ज वाढते, शेजारच्या आजाऱ्याची झोप जाते, आणि सर्वांत आधी डब्यांशेजारी उभ्या असलेल्या त्या मुलाचेच कान जातात. म्हणून फिरत्या डीजेने सामान कसे निवडावे हा प्रश्न आपण या लेखात नीट सोडवून पाहू. माध्यमिक शाळेतले ध्वनी आणि विद्युत हे दोन पाठ त्यासाठी पुरतात.

सुरुवातीला नावाची एक गंमत सांगतो. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात या साऱ्या सामानाला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली, ती ध्वनिमुद्रणाच्या फितीतून येणारी सूं-सूं अशी खरखर कमी करण्यासाठी! नको असलेला आवाज कमी करणाऱ्या माणसाचे नाव आपल्याकडे नको तितक्या आवाजाला चिकटले.

डेसिबेलची भाषा

आपला कान फार मोठ्या पल्ल्यात काम करतो. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची तीव्रता दर चौरस मीटरला एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग असते, तर कान दुखू लागतात तेव्हा ती दर चौरस मीटरला सुमारे १ वॅट असते. एवढा पल्ला साध्या आकड्यांत मांडणे अवघड, म्हणून डेसिबेल हे लॉगरिथमवर आधारलेले माप वापरतात. जेमतेम ऐकू येणारा आवाज शून्य डेसिबेल धरला, की कान दुखवणारा आवाज १२० डेसिबेल होतो.

या मापाचे दोन नियम लक्षात ठेवले की पुढचे सारे गणित तोंडी करता येते. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबेल वाढतात; दसपट केली की १० डेसिबेल वाढतात. आणि कानाला आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबेलची वाढ लागते. म्हणजे ५०० वॅटचा अॅम्प्लिफायर विकून १,००० वॅटचा घेतला, तर फक्त ३ डेसिबेल वाढतात. फरक कळतो, पण आवाज दुप्पट मुळीच वाटत नाही. खरोखर दुप्पट वाटायचा असेल तर ५,००० वॅट लागतील. वॅटच्या शर्यतीत उतरणाऱ्या मुलाला हे आधीच समजले, तर त्याचे बरेच पैसे वाचतील.

कानापासून उलटे मोजत यावे

सामान निवडण्याचा शास्त्रीय क्रम दुकानापासून सुरू होत नाही. तो ऐकणाऱ्याच्या कानापासून सुरू होतो. ऐकणारा किती लांब आहे, तिथे किती आवाज हवा आहे, त्यासाठी स्पीकरपाशी किती हवा, आणि मग त्यासाठी वॅट किती, अशा क्रमाने मागे यायचे.

उघड्या जागेत आवाज सर्व दिशांना पसरतो. अंतर दुप्पट झाले की तीच शक्ती चौपट क्षेत्रफळावर पसरते, म्हणून तीव्रता एक चतुर्थांश होते. डेसिबेलमध्ये ही घट ६ होते. (दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या गल्लीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, म्हणून तिथे घट याहून कमी असते.)

आता एक उदाहरण घेऊ. मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर नाचायची जागा आहे. तिचा मध्य स्पीकरपासून ८ मीटर लांब आहे आणि तिथे सरासरी ९० डेसिबेल आवाज हवा आहे. हा आवाज भरपूर मोठा असतो. शेजारच्याशी बोलायला ओरडावे लागते. १ मीटरपासून ८ मीटरपर्यंत अंतर तीनदा दुप्पट होते, म्हणजे १८ डेसिबेल कमी होतात. तेव्हा स्पीकरपासून १ मीटरवर १०८ डेसिबेल हवेत.

स्पीकर: न पाहिला जाणारा आकडा

चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात वॅटच्या शेजारी आणखी एक आकडा असतो. १ वॅट शक्ती दिली असता १ मीटरवर किती डेसिबेल आवाज मिळतो, ही त्या स्पीकरची संवेदनक्षमता. घरगुती लहान स्पीकरची ती ८८ च्या आसपास, तर कार्यक्रमांसाठी बनवलेल्या चांगल्या डब्याची ९८ च्या आसपास असते.

आपल्याला १०८ हवेत. ९८ च्या डब्याला १० डेसिबेल जास्त, म्हणजे दसपट शक्ती लागेल: सरासरी १० वॅट. ८८ च्या डब्याला २० डेसिबेल जास्त म्हणजे शंभरपट, अर्थात १०० वॅट लागतील. पण संगीताची शक्ती सतत सारखी नसते. ढोलाचा ठोका पडतो त्या क्षणी ती सरासरीच्या दसपट होते, असे धरू. तेव्हा पहिल्या डब्याला १०० वॅटचा अॅम्प्लिफायर पुरतो आणि दुसऱ्याला १,००० वॅटचा लागतो. कानाला पोचणारा आवाज मात्र दोन्हींचा अगदी सारखा!

उरलेली शक्ती जाते कुठे? चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडलेली स्पीकरची रचना आजही मूलतः तीच आहे. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला शंकूच्या आकाराचा पडदा, आणि वेटोळ्यातून जाणारा बदलता प्रवाह. हवा इतकी विरळ असते की पडदा तिला फारशी ऊर्जा देऊ शकत नाही. ९८ च्या डब्यात शंभरातले सुमारे चार वॅट ध्वनीत उतरतात, ८८ च्या डब्यात अर्धा वॅटही नाही. बाकीची सारी शक्ती वेटोळे तापवण्यात जाते. म्हणून अॅम्प्लिफायरवर दुप्पट खर्च करण्याआधी स्पीकरची संवेदनक्षमता पाहावी. तिच्यातले ३ डेसिबेल म्हणजे दुप्पट वॅट फुकटात मिळाल्यासारखे आहे.

स्वस्त डब्यांवर 'पीएमपीओ' या नावाखाली हजारो वॅट छापलेले असतात. या आकड्याला ठरावीक प्रमाण मोजणी नाही. क्षणभरच्या कमाल शक्तीचा तो केवळ जाहिरातीचा आकडा असतो. पाहायचा तो सलग देता येणाऱ्या शक्तीचा, म्हणजे 'आरएमएस' म्हणून दिलेला आकडा.

'बेस' इतका महाग का?

दहा वॅट पुरत असतील, तर मिरवणुकीत डब्यांची भिंत का उभी राहते? याचे एक कारण चढाओढ आहे, तर दुसरे कारण भौतिकशास्त्रात आहे.

या धंद्यात 'चार बेस, चार टॉप' अशी भाषा असते. टॉप म्हणजे मध्यम आणि उंच स्वरांचे डबे, बेस म्हणजे खर्जाचे. आपला कान खर्जाला मंद असतो. १,००० हर्ट्झचा ४० डेसिबेलचा स्वर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबेल लागतात. आवाज मोठा असेल तेव्हा ही तफावत कमी होते, पण तरीही वीसेक डेसिबेल उरते. शिवाय वारंवारता निम्मी झाली की तेवढाच आवाज काढायला पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. म्हणून बेसच्या डब्यात १५ किंवा १८ इंची पडदा, जड चुंबक आणि मोठी पेटी लागते. फिरत्या डीजेचे सर्वाधिक पैसे, टेम्पोतली सर्वाधिक जागा आणि जनरेटरची सर्वाधिक वीज बेसच खातो.

आणखी एक गोष्ट. ५० हर्ट्झच्या ध्वनितरंगाची लांबी सुमारे ७ मीटर असते, तर ५,००० हर्ट्झच्या तरंगाची सुमारे ७ सेंटिमीटर. लहान तरंग कर्ण्याच्या साहाय्याने एका दिशेला रोखता येतात, भिंतींनी अडतात. सात मीटरचा तरंग डब्याला वळसा घालून मागे जातो आणि बंद खिडकीतूनही बऱ्यापैकी आत शिरतो. दूरच्या लग्नातले गाणे ओळखू येत नाही, पण त्याचा धाड-धाड ठोका मात्र घरात येतो, तो यामुळेच.

अॅम्प्लिफायर, तार आणि जनरेटर

अॅम्प्लिफायर देऊ शकतो त्याहून जास्त मागितले की तरंगांचे माथे आणि तळ कापले जातात. गोलसर तरंग चौकोनी होतो. तेवढ्याच उंचीच्या चौकोनी तरंगात गोलसर तरंगाच्या दुप्पट शक्ती असते. शिवाय त्यात मुळात नसलेले उंच स्वर निर्माण होतात आणि ते टॉपमधल्या नाजूक वेटोळ्यात जाऊन ते जाळतात. लहान अॅम्प्लिफायर रेटून वाजवल्याने मोठा स्पीकर जळतो, हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्याचे कारण हे आहे. त्यावरचा उपाय म्हणजे लिमिटर. ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे तो आवाज जाऊ देत नाही. हल्लीच्या अनेक अॅम्प्लिफायरमध्ये तो आतच असतो; फक्त तो चालू ठेवायला हवा.

तारेचा हिशेब मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. ८ ओहमचे दोन डबे समांतर जोडले की ४ ओहम होतात. अॅम्प्लिफायर २० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर तार झाली. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.९ ओहम भरतो. तेव्हा डब्यांना पोचणारी शक्ती एक तृतीयांशाने घटते. २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर घट आठव्या भागावर येते. डेसिबेलमध्ये हा फरक दीडच्याही आत आहे, पण अॅम्प्लिफायरच्या वॅटला मोजलेले पैसे तारेत का घालवायचे?

जनरेटर निवडताना अॅम्प्लिफायरवरच्या आकड्यांची नुसती बेरीज करू नये. वर पाहिल्याप्रमाणे सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. मात्र बेसच्या प्रत्येक ठोक्याला मागणी एकदम वाढते. त्या वेळी जनरेटरचा दाब कोसळला तर पुन्हा तरंगांचे माथे कापले जातात. म्हणून सरासरीपेक्षा बरीच राखीव क्षमता असावी, पण बेरजेइतकी गरज नसते.

एक भिंत की चार कोपरे?

आता आपल्या हिरवळीकडे परत येऊ. एका बाजूला भिंत उभारली तर ८ मीटरवर ९० डेसिबेल मिळवण्यासाठी १ मीटरवर १०८ लागत होते. तेच चार लहान डबे नाचायच्या जागेच्या चार कोपऱ्यांत, मध्यापासून प्रत्येकी ४ मीटरवर, आत तोंड करून ठेवले तर? चार सारख्या स्रोतांची बेरीज ६ डेसिबेलने जास्त होते. म्हणून प्रत्येकाकडून मध्यभागी ८४ पुरतात. ४ मीटरचे १२ मिळवले की प्रत्येक डब्याला १ मीटरवर ९६ डेसिबेल द्यावे लागतात.

मध्यभागी आवाज तोच आहे, पण डब्याजवळ उभ्या असलेल्या मुलाच्या कानावर १०८ ऐवजी ९६ च्या आसपास पडतात. एकूण शक्ती पूर्वीच्या एक चतुर्थांश लागते. आणि ३२ मीटरवरच्या कुंपणाशी ७८ ऐवजी ७२ डेसिबेल पोचतात. चार डबे लहान, चार स्टँड, थोडी जास्त तार आणि मांडायला अर्धा तास जास्त, एवढीच या फायद्याची किंमत आहे.

लांबलचक मांडवात मागच्या लोकांसाठी वेगळे डबे लावताना एक काळजी घ्यावी. तारेतून संदेश तत्क्षणी जातो, आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. मागचे डबे ३४.५ मीटर लांब असतील तर पुढचा आवाज तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येईल आणि प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. पाठ्यपुस्तकात प्रतिध्वनीसाठी १७ मीटर अंतर सांगितलेले असते, त्यामागचे गणित हेच. संदेश तेवढाच वेळ थोपवून धरणारे डिजिटल यंत्र मिळते. ते वापरून मागचे डबे बरोबर दशांश सेकंदाने उशिरा वाजवायचे.

कायदा आणि कान

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. ध्वनिवर्धक वापरला जातो त्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबेलने किंवा ७५ डेसिबेल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त नसावा. म्हणजे निवासी भागात दिवसा हद्दीवर ६५. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या नियमांची अंमलबजावणी करण्यास बजावले.

आपल्या चार कोपऱ्यांच्या मांडणीत कुंपणाशी ७२ होते. नाचायच्या जागी ९० ऐवजी ८५ वर समाधान मानले तर ६७ होतात. टॉपचे कर्णे आत आणि थोडे खाली वळवले, की ६५ आवाक्यात येतात. भिंतीच्या मांडणीत ७८ वरून ६५ वर यायला शक्ती विसाव्या भागावर आणावी लागेल. कायदा पाळून धंदा करता येतो, पण तो मांडणीच्या जोरावर.

मात्र एक पळवाट इथे लक्षात घ्यायला हवी. हे मोजमाप कानाच्या संवेदनेप्रमाणे भारित केलेले असते. त्यात ५० हर्ट्झच्या स्वराचे तब्बल ३० डेसिबेल वजा होतात. यंत्रावर ७५ दिसत असताना त्या स्वराचा खरा दाब १०५ डेसिबेलचा असू शकतो. आकडा नियमात बसला तरी तावदाने थरथरतात, त्याचे कारण हे आहे. तेव्हा बेस किती ठेवायचा हे नुसत्या यंत्रावर सोपवता येत नाही.

सगळ्यात मोठा धोका ऑपरेटरला आहे. आपल्या प्रत्येक कानाच्या शंखात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा येत नाहीत. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबेलमध्ये दिवसाला आठ तास काम करता येते. पुढे दर ३ डेसिबेलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबेलला पंधरा मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली संगीताच्या कार्यक्रमांसाठी १०० डेसिबेल ही पंधरा मिनिटांच्या सरासरीची कमाल मर्यादा सुचवली आहे. आता ९८ संवेदनक्षमतेचा एकच डबा सरासरी १०० वॅटवर वाजतो आहे असे धरा. १ मीटरवर ११८ डेसिबेल होतात. वरच्या नियमाने तिथे दिवसभरात फक्त चौदा सेकंद उभे राहता येते. वरात चार तास चालते.

म्हणून सामानाच्या यादीत काही स्वस्त वस्तूही असाव्यात. कानात घालायची स्पंजची बुचे नीट बसवली तर पंधरा-वीस डेसिबेल कमी करतात. ऑपरेटरचा हेडफोन कान पूर्ण झाकणारा हवा. नाहीतर पुढचे गाणे लावताना बाहेरच्या आवाजावर मात करण्यासाठी तो हेडफोनही वाढवत नेतो. आणि एक साधे ध्वनिमापक यंत्र हवे.

वर्गात करून पाहण्यासाठी

मोबाइलवरचे ध्वनिमापक अॅप अचूक नसते, पण फरक मोजायला चालते. मैदानात एक लहान स्पीकर एकसारखा स्वर वाजवत ठेवा. १, २, ४ आणि ८ मीटरवर मोजणी करा. दर वेळी सुमारे ६ ची घट येते का? मग तोच प्रयोग दोन इमारतींच्या मधल्या बोळात करा आणि दोन्ही आलेख शेजारी काढा. नंतर खर्जाचा आणि उंच असे दोन स्वर स्पीकरच्या समोरून आणि मागून मोजा. कोणता स्वर मागेही तेवढाच ऐकू येतो?

दुसरे काम कागदावरचे. स्पीकरची दोन माहितीपत्रके आणून मुलांना द्या. आपल्या शाळेच्या मैदानावर स्नेहसंमेलन आहे, शेवटची रांग १६ मीटरवर आहे आणि तिथे ८० डेसिबेल हवेत. कोणता डबा घ्यावा, किती वॅटचा अॅम्प्लिफायर लागेल आणि शाळेच्या कुंपणाशी किती आवाज पोचेल? मुलांना लॉगरिथमचा याहून जवळचा उपयोग सापडणे कठीण.

यातली काही मुले उद्या खरोखरच या धंद्यात पडतील. गिऱ्हाईकाने 'किती वॅटचा?' असे विचारल्यावर 'माणसे किती, जागा केवढी, आणि शेजारी कोण राहते?' असे त्यांना उलट विचारता आले, तर आपला ध्वनीचा पाठ पोचला असे आम्ही समजू.